उद्योगनगरीतील माध्यमिक विद्यार्थ्यांचा नेतृत्वविकास आणि उन्हाळी सुट्टीतील समृद्धीकरण : पिंपरी-चिंचवड व चाकण परिसराच्या संदर्भात

प्रस्तावना

पिंपरी येथे १९५४ मध्ये हिंदुस्थान अँटिबायोटिक्स या सार्वजनिक क्षेत्रातील औषधनिर्मिती कारखान्याची स्थापना झाली आणि पवनाकाठच्या शेतीप्रधान गावांचे रूप पालटण्यास आरंभ झाला. साठच्या दशकात मोटार व दुचाकी उद्योग या परिसरात स्थिरावले. १९७० मध्ये नगरपालिका आणि १९८२ मध्ये महानगरपालिका अस्तित्वात आली. २००१ च्या जनगणनेनुसार सुमारे १० लाख असलेली शहराची लोकसंख्या २०११ मध्ये १७ लाख २७ हजारांवर गेली. नव्वदच्या दशकाच्या अखेरीपासून हाच औद्योगिक विस्तार मोशी, कुरुळीमार्गे चाकण, महाळुंगे, खराबवाडीपर्यंत पोहोचला. मराठवाडा, विदर्भ, खानदेश तसेच उत्तर भारतातून आलेल्या कुटुंबांची दुसरी पिढी आज या पट्ट्यातील माध्यमिक शाळांमध्ये शिकत आहे.

या पिढीच्या शालेय शिक्षणाविषयी पुष्कळ चर्चा होते. परंतु शाळा बंद असण्याच्या काळात, म्हणजे साधारणपणे मेच्या प्रारंभापासून जूनच्या मध्यापर्यंत, हे विद्यार्थी काय करतात याकडे शिक्षणक्षेत्राचे लक्ष अभावानेच जाते. सधन कुटुंबांतील मुलांसाठी व्यक्तिमत्त्व विकास शिबिरे, रोबोटिक्सचे वर्ग, ट्रेकिंगच्या मोहिमा आणि ‘लीडरशिप कॅम्प’ यांची जाहिरात एप्रिलपासूनच चौकाचौकांत दिसू लागते. कंत्राटी कामगाराच्या मुलांसाठी मात्र हा काळ बहुधा रिकामाच राहतो. प्रस्तुत लेखात समृद्धीकरण व नेतृत्व या संकल्पनांचे स्पष्टीकरण करून, महाराष्ट्रातील उपलब्ध परंपरेचा आढावा घेऊन, या औद्योगिक पट्ट्यात अशा संधींची रचना कशी असावी आणि त्यात महाविद्यालयांनी कोणती जबाबदारी स्वीकारावी याचे विवेचन केले आहे.

समृद्धीकरण : संकल्पना व स्वरूप

प्रगत विद्यार्थ्यांच्या शिक्षणाचा विचार करताना शिक्षणशास्त्रात दोन मार्ग सांगितले जातात. पहिला मार्ग गतिवर्धनाचा. यात विद्यार्थी पुढील इयत्तेचा अभ्यासक्रम आधीच पूर्ण करतो. दुसरा मार्ग समृद्धीकरणाचा. यात अभ्यासक्रमाची गती न वाढविता अनुभवाची व्याप्ती आणि खोली वाढविली जाते. आपल्याकडे दहावीत जाणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी एप्रिल-मे महिन्यांत घेतले जाणारे जादा वर्ग हा वस्तुतः गतिवर्धनाचाच प्रकार होय. त्यास समृद्धीकरण म्हणता येणार नाही.

अमेरिकन शिक्षणतज्ज्ञ जोसेफ रेन्झुली यांनी १९७७ मध्ये समृद्धीकरणाचे त्रिविध प्रतिमान मांडले. त्यातील पहिल्या प्रकारात विद्यार्थ्यांना नवनवीन विषय, व्यक्ती व स्थळे यांचा परिचय घडविला जातो. दुसऱ्या प्रकारात निरीक्षण, वर्गीकरण, मुलाखत, लेखन, गटचर्चा इत्यादी कौशल्यांचे प्रशिक्षण दिले जाते. तिसऱ्या प्रकारात विद्यार्थी एकट्याने किंवा लहान गटात एखादा खराखुरा प्रश्न हाती घेतो व त्याचे फलित ज्यांना त्याचा उपयोग आहे अशा लोकांपुढे ठेवतो. रेन्झुली यांनी प्रज्ञावान व्यक्तीची लक्षणे सांगताना सरासरीहून अधिक क्षमता व सर्जनशीलता यांच्या जोडीला कार्यनिष्ठेला समान स्थान दिले, ही बाब विशेष लक्षात घेण्यासारखी आहे. हाती घेतलेले काम तडीस नेण्याची चिकाटी परीक्षेतील गुणांवरून कळत नाही. ती प्रत्यक्ष कामातूनच दिसते आणि कामातूनच वाढते.

प्रचलित उन्हाळी शिबिरांपैकी बहुतांश शिबिरे पहिल्या प्रकाराशीच थांबतात. एक दिवस मातीकाम, एक दिवस जादूचे प्रयोग, एक दिवस सहल अशी त्यांची रचना असते. मुलांचे मन रमते, ही गोष्ट गौण नव्हे. तथापि त्यातून नेतृत्व घडेल अशी अपेक्षा करणे योग्य ठरणार नाही.

नेतृत्व : वक्तृत्वापलीकडे

शालेय पातळीवर नेतृत्व या शब्दाचा अर्थ फार संकुचित झालेला आहे. वर्गप्रतिनिधी होणे, स्नेहसंमेलनाचे सूत्रसंचालन करणे, व्यासपीठावर न अडखळता बोलणे एवढ्यावरच नेतृत्वाची ओळख ठरते. याचा परिणाम असा होतो की, ज्या मुलाची घरची भाषा आणि शाळेची भाषा वेगळी आहे, जो प्रमाण मराठी बोलताना बिचकतो, तो नेतृत्वाच्या निवडीतून आपोआप वगळला जातो. प्रत्यक्षात तोच मुलगा आईवडील पाळीवर गेले असता धाकट्या भावंडांना सांभाळतो, पाण्याची वेळ पाळतो, गॅसच्या टाकीचा नंबर लावतो. जबाबदारी पेलण्याची ही क्षमता नेतृत्वाचा पाया आहे. परंतु तिची नोंद प्रगतिपुस्तकाच्या कोणत्याही रकान्यात होत नाही.

म्हणून नेतृत्वाची कार्यात्मक व्याख्या करणे आवश्यक ठरते. चार जणांना बरोबर घेऊन, ठरलेल्या मुदतीत, इतरांना उपयोगी पडणारे एखादे काम पूर्ण करणे आणि त्यातील यशापयशाची जबाबदारी घेणे म्हणजे माध्यमिक स्तरावरील नेतृत्व होय. ही व्याख्या स्वीकारल्यास शिबिराच्या रचनेपासून विद्यार्थ्यांच्या निवडीपर्यंत सर्वच गोष्टींचा फेरविचार करावा लागतो.

सुट्टी आणि शैक्षणिक विषमता

उन्हाळी सुट्टीचा शिक्षणावर होणारा परिणाम हा अमेरिकेत दीर्घकाळ अभ्यासला गेलेला विषय आहे. हॅरिस कूपर व सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये अनेक संशोधनांचे एकत्रित विश्लेषण करून, सुट्टीनंतर विद्यार्थी सरासरीने सुमारे एक महिन्याच्या अध्ययनाइतके मागे पडतात असा निष्कर्ष काढला. बाल्टिमोर शहरातील मुलांचा १९८२ पासून पाठपुरावा करणाऱ्या कार्ल अलेक्झांडर, डोरिस एन्टविसल व लिंडा ओल्सन यांनी २००७ मध्ये असे दाखविले की, नववीच्या वेळी गरीब व सधन मुलांच्या संपादणुकीत दिसणाऱ्या तफावतीचा सुमारे दोन-तृतीयांश भाग प्राथमिक शाळेच्या काळातील सुट्ट्यांमध्ये निर्माण झालेला असतो. पुढे पॉल व्हॉन हिपेल यांसारख्या अभ्यासकांनी नव्या चाचण्यांच्या आधारे या निष्कर्षांची फेरतपासणी केली, तेव्हा ही तफावत सर्वत्र सारखी आढळत नाही असे दिसून आले. त्यामुळे या आकड्यांचा आधार जपूनच घ्यावयास हवा. शाळा चालू असताना सर्व मुलांना काही प्रमाणात समान अनुभव मिळतात आणि शाळा बंद होताच ते कुटुंबाच्या ऐपतीवर अवलंबून राहतात, हे निरीक्षण मात्र कोणत्याही चाचणीवाचून पटण्याजोगे आहे.

याच जाणिवेतून अमेरिकेत १९६४ च्या आर्थिक संधी कायद्यानुसार ‘अपवर्ड बाउंड’ हा कार्यक्रम सुरू झाला. अल्प उत्पन्न गटातील आणि कुटुंबातून प्रथमच महाविद्यालयाकडे वळू शकणाऱ्या मुलांना उन्हाळ्यात महाविद्यालयाच्या आवारात विनामूल्य निवास व अध्ययनाची संधी देणे हे त्याचे एक प्रमुख अंग आहे. सुट्टीत ओस पडलेली महाविद्यालये हे समाजाचे साधन मानावे, हा त्यामागील विचार आपल्यालाही अनुकरणीय आहे.

महाराष्ट्रातील परंपरा

उन्हाळी शिबिराची कल्पना महाराष्ट्राला नवी नाही. १९४१ मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्र सेवा दलाने शाखा, शिबिरे, श्रमदान व कलापथके यांच्या द्वारे किशोरवयीन मुलामुलींना सार्वजनिक कामाची गोडी लावली. राष्ट्रीय छात्र सेनेच्या वार्षिक प्रशिक्षण शिबिरांनी शिस्त व सहजीवनाचा अनुभव अनेक पिढ्यांना दिला.

नेतृत्वविकासाचा शास्त्रशुद्ध प्रयोग म्हणून ज्ञान प्रबोधिनीचे कार्य महत्त्वाचे ठरते. डॉ. वि. वि. तथा अप्पा पेंडसे यांनी १९६२ मध्ये पुण्यात या संस्थेची स्थापना केली. १९६९ मध्ये प्रशाला सुरू झाली. बुद्धिमत्तेचे अनेक पैलू मानणाऱ्या जे. पी. गिलफर्ड यांच्या प्रतिमानाचा आधार घेऊन येथे बुद्धिमापन व बुद्धिविकसनाचे काम झाले. लहान गटाने घराबाहेर राहून, मुलाखती व नोंदी घेऊन अभ्यास करावयाचा अभ्यासदौरा आणि आठवीच्या टप्प्यावर मुलामुलींना सारख्याच रीतीने दिला जाणारा विद्याव्रत संस्कार ही या पद्धतीची वैशिष्ट्ये होत. संस्थेचे निगडी येथील केंद्र या औद्योगिक शहरातच आहे. तेथील नवनगर विद्यालय, क्रीडाकुल व पंचकोशाधारित गुरुकुल या उपक्रमांमुळे ही परंपरा उद्योगनगरीत रुजली आहे.

चिंचवडगावात श्री. गिरीश प्रभुणे यांच्या पुढाकाराने उभे राहिलेले पुनरुत्थान समरसता गुरुकुलम् भटक्या-विमुक्त समाजांतील मुलांचे पारंपरिक कौशल्य हेच त्यांच्या शिक्षणाचे भांडवल मानते. २०२१ मध्ये श्री. प्रभुणे यांचा पद्मश्री किताबाने गौरव झाला. ज्या मुलांना ‘मागास’ म्हटले जाते त्यांच्यापाशी काही ज्ञान आधीच असते, ही या प्रयोगाची शिकवण आहे.

शिरूर तालुक्यातील पाबळ येथे डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रमाची स्थापना केली. अभियांत्रिकी, ऊर्जा-पर्यावरण, शेती-पशुपालन आणि गृह-आरोग्य या चार विभागांतील प्रत्यक्ष काम आठवी ते दहावीच्या विद्यार्थ्यांनी करावे आणि ते गावाच्या उपयोगी पडावे, अशी ‘मूलभूत तंत्रज्ञानाची ओळख’ या विषयाची रचना आहे. विद्यार्थ्याने केलेल्या कामाला खरे गिऱ्हाईक असणे हे येथील वेगळेपण होय. रेन्झुली यांच्या तिसऱ्या प्रकाराशी ते जुळते.

पुण्यातील आयुकाने शालेय विद्यार्थ्यांसाठी उन्हाळी उपक्रम राबवून, ठरीव अभ्यासक्रमाविना शास्त्रज्ञासमवेत आठवडाभर एखादा विषय धुंडाळण्याची संधी आठवी-नववीच्या मुलांना दिली. इस्रोने २०१९ मध्ये नववीच्या विद्यार्थ्यांसाठी ‘युविका’ हा दोन आठवड्यांचा निवासी कार्यक्रम सुरू केला व निवडीत ग्रामीण शाळांतील विद्यार्थ्यांना अधिक गुणभार दिला. हे उपक्रम दर्जेदार व विनामूल्य असले, तरी त्यांची प्रवेशसंख्या मर्यादित आहे. शिवाय अर्ज केव्हा व कसा भरावा ही माहिती जागरूक शाळांनाच वेळेवर मिळते.

औद्योगिक पट्ट्यातील अडचणी

पिंपरी-चिंचवड व चाकण परिसराचा विचार करता पुढील अडचणी प्रामुख्याने दिसतात.

१) स्थलांतर व गावी जाणे : सुट्टी लागताच अनेक कुटुंबे मुलांना गावी पाठवितात. लग्नसराई, शेतीची कामे व आजी-आजोबांचा सहवास यांत मे महिना जातो. त्यामुळे मे महिन्यात ठेवलेले शिबिर या मुलांपर्यंत पोहोचत नाही.

२) घरातील जबाबदारी : जी मुले शहरातच राहतात त्यांच्यापैकी अनेकांवर, विशेषतः मुलींवर, धाकट्या भावंडांची व स्वयंपाकाची जबाबदारी असते. दिवसभराचे अथवा निवासी शिबिर त्यांना शक्य होत नाही.

३) कमाईची ओढ : सुट्टीत चार पैसे मिळवावेत अशी कुटुंबाची निकड असते. २०१६ च्या दुरुस्तीनंतर बालकामगार कायद्याने १४ वर्षांखालील मुलांना कामावर ठेवण्यास सर्वसाधारण बंदी असून, १४ ते १८ वयोगटास धोकादायक कामे निषिद्ध आहेत. कायद्याच्या नजरेआड होणारी लहानसहान कामे मात्र थांबलेली नाहीत.

४) निवडीचे निकष : गुण, इंग्रजी व वक्तृत्व या निकषांवर निवड होत असल्याने ज्याला संधीची सर्वाधिक गरज आहे तोच बाहेर राहतो.

परिसर हीच प्रयोगशाळा

या अडचणींच्या जोडीला परिसराची काही बलस्थानेही आहेत. त्यांतील सर्वांत दुर्लक्षित बलस्थान म्हणजे येथील कामगारांची कार्यसंस्कृती होय. जपानमध्ये काओरू इशिकावा यांच्या प्रेरणेने १९६२ पासून गुणवत्ता मंडळे, म्हणजेच ‘क्वालिटी सर्कल’, रूढ झाली. भारतात १९८० च्या सुमारास हैदराबाद येथील ‘भेल’ कारखान्यात त्यांचा आरंभ झाला. एकाच विभागातील काही कामगार स्वेच्छेने एकत्र येतात, आपल्या कामातील प्रश्न निवडतात, माहिती गोळा करतात, माशाच्या काट्यासारखी आकृती काढून कारणे शोधतात, उपाय करून पाहतात आणि व्यवस्थापनापुढे सादरीकरण करतात. साहेबाने सांगितलेले काम करणारा कामगार येथे स्वतः प्रश्न विचारणारा होतो. लखनौच्या सिटी माँटेसरी शाळेने नव्वदच्या दशकात हे तंत्र विद्यार्थ्यांसाठी वापरले.

ज्या शहरात ‘कायझन’ हा शब्द कामगारांच्या बोलण्यात रुळला आहे, त्या शहरात नेतृत्वाचे धडे देण्यासाठी बाहेरचा महागडा प्रशिक्षकच हवा असे नाही. अनेक विद्यार्थ्यांच्या पालकांपैकी कोणीतरी अशा मंडळात भाग घेतलेला असतो. तोच पालक शिबिरात मार्गदर्शक म्हणून आला, तर विद्यार्थ्यांना तंत्र समजते आणि आपल्या वडिलांकडे किंवा आईकडे पाहण्याची मुलांची दृष्टीही बदलते.

विद्यार्थी गटांनी हाती घेण्याजोगे प्रश्न परिसरात विपुल आहेत. पवना व इंद्रायणी या नद्यांच्या ठरावीक घाटांवरील पाण्याच्या नोंदी, शाळेच्या रस्त्यावरील अवजड वाहनांची मोजणी व सुरक्षित ओलांडण्याच्या जागा, वस्तीतील ओल्या-सुक्या कचऱ्याचे वर्गीकरण, चाकणच्या संग्रामदुर्गाच्या अवशेषांचे टिपण ही काही उदाहरणे होत. १६६० मध्ये फिरंगोजी नरसाळा यांनी शाहिस्तेखानाच्या फौजेपुढे सुमारे दोन महिने लढविलेला हा भुईकोट आज कारखान्यांच्या गराड्यात उभा आहे. चिंचवड येथे २०१३ मध्ये सुरू झालेले विज्ञान केंद्र परिचयात्मक टप्प्यासाठी उपयुक्त आहे. कारखान्यांच्या बाबतीत मात्र एक मर्यादा कसोशीने पाळावी लागेल. तेथे विद्यार्थ्यांनी पाहावे, विचारावे, टिपून घ्यावे. उत्पादनाच्या कामाला हात लावू नये.

महाविद्यालयांची भूमिका

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये सहावी ते आठवीच्या दरम्यान दहा दिवसांच्या दप्तराविना कालावधीची शिफारस असून, सहावी ते बारावीच्या विद्यार्थ्यांना सुट्टीच्या काळातही स्थानिक कार्यानुभवाच्या संधी द्याव्यात असे सुचविले आहे. दुसरीकडे पदवी अभ्यासक्रमांत क्षेत्र प्रकल्प व सामुदायिक सहभाग प्रकल्प यांना श्रेयांक मिळू लागले आहेत. राष्ट्रीय सेवा योजनेचे स्वयंसेवक १९६९ पासून अशा कामास उपलब्ध आहेतच. या गोष्टी एकत्र गुंफण्याचे काम महाविद्यालयीन अध्यापक करू शकतात. त्यासाठी पुढील रचना विचारात घेता येईल.

कालावधी : मे महिन्याऐवजी जूनचा पहिला पंधरवडा निवडावा. त्या सुमारास गावी गेलेली कुटुंबे परतू लागतात. बारा दिवस, सकाळी आठ ते साडेअकरा ही वेळ घरकाम सांभाळणाऱ्या मुलींनाही सोयीची पडू शकते. नाश्त्याची सोय असावी. धाकट्या भावंडांना सोबत आणण्याची मुभा द्यावी आणि त्यांच्यासाठी खेळ व गोष्टींचा वेगळा कोपरा स्वयंसेवकांनी सांभाळावा.

गावाकडची नोंदवही : जे विद्यार्थी मे महिन्यात गावी जातात त्यांना एप्रिलमध्येच एक नोंदवही द्यावी. गावातील विहिरींची पाणीपातळी, बंद पडलेले व्यवसाय, गाव सोडून गेलेल्या घरांची कारणे, आजीच्या बोलीतील शब्द यांपैकी एका विषयाची नोंद त्यांनी करून आणावी. गावी जाणे हा शिक्षणातील खंड न ठरता अभ्यासदौरा ठरेल. बीड, लातूर किंवा बुलढाण्याच्या नोंदी घेऊन आलेला विद्यार्थी जूनमधील शिबिरात रिकाम्या हाताने येणार नाही. आपल्या विषयाचा तो जाणकार असेल.

गटरचना : सहा ते आठ विद्यार्थ्यांचा एक गट असावा व त्यास एक महाविद्यालयीन विद्यार्थी मार्गदर्शक असावा. गटप्रमुखपद दर तीन दिवसांनी बदलावे, जेणेकरून बोलक्या मुलांकडेच सूत्रे राहणार नाहीत. मराठीसोबत हिंदी अथवा घरची भाषा वापरण्यास मोकळीक असावी.

निवड : गुणपत्रिका न मागता शिक्षकांना एकच प्रश्न विचारावा : वर्गातील कोणता विद्यार्थी हाती घेतलेले काम अर्ध्यावर सोडत नाही? मुलींसाठी निम्म्या जागा राखून ठेवाव्यात. पालकांची लेखी संमती, महिला अध्यापिकेची उपस्थिती व बालसुरक्षेचे नियम यांत कोणतीही सवलत नसावी.

सादरीकरण : अखेरच्या दिवशी प्रमुख पाहुण्यांची भाषणे टाळून, गटांनी आपले काम संबंधितांपुढे मांडावे. वाहनमोजणीचा अहवाल वाहतूक पोलिसांना, पाण्याच्या नोंदी महानगरपालिकेच्या पर्यावरण विभागाला आणि किल्ल्याचे टिपण ग्रंथालयाला द्यावे. मिळालेल्या उत्तराचा पाठपुरावा गटानेच दिवाळीपर्यंत करावा.

मूल्यमापन व मर्यादा

अशा उपक्रमाचे यश छायाचित्रांवरून किंवा प्रमाणपत्रांच्या संख्येवरून ठरवू नये. किती विद्यार्थी बाराही दिवस आले, किती गटांनी काम पूर्ण केले, पहिल्या दिवशी न बोलणाऱ्यांपैकी कितींनी अखेरीस आपला भाग स्वतः मांडला आणि दिवाळीपर्यंत पाठपुरावा किती गटांनी केला, ही चार मोजमापे पुरेशी आहेत. त्यांच्या नोंदी तीन-चार वर्षे सातत्याने ठेवल्यास अध्यापकांना संशोधनासाठीही प्रथम स्रोतातील सामग्री मिळेल.

बारा दिवसांच्या शिबिराने घरातील दारिद्र्य, कंत्राटी नोकरीची अनिश्चितता किंवा शाळेतील उणिवा दूर होत नाहीत, हेही स्पष्टपणे मान्य केले पाहिजे. उन्हाळी उपक्रमाला शाळेचा पर्याय मानणे चुकीचे ठरेल. तसेच महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना श्रेयांकांसाठी घाईने उरकण्याचे एक निमित्त असे त्याचे रूप होऊ नये, याची दक्षता घ्यावी लागेल. मार्गदर्शकांचे किमान दोन दिवसांचे पूर्वप्रशिक्षण त्यासाठी अनिवार्य मानावे.

समारोप

पिंपरी-चिंचवड व चाकण परिसराने देशाला वाहने, यंत्रे व औषधे दिली. येथे आलेल्या माणसांनी अनोळखी शहरात घर उभे केले, नवे यंत्र शिकून घेतले, पाळी सांभाळून मुलांना शाळेत घातले. त्यांच्या मुलांमध्ये नेतृत्वाचे गुण नाहीत असे म्हणणे वस्तुस्थितीला धरून होणार नाही. ते गुण ओळखणारी व त्यांना काम देणारी व्यवस्था अपुरी आहे. रेन्झुली यांचे प्रतिमान, प्रबोधिनीचा अभ्यासदौरा, पाबळचे उपयोगी काम आणि कारखान्यातील गुणवत्ता मंडळ या चारही गोष्टींचे सूत्र एकच आहे : खरे काम सोपविल्याशिवाय जबाबदारी येत नाही आणि जबाबदारीशिवाय नेतृत्व घडत नाही.

जूनच्या आरंभी महाविद्यालयांच्या वर्गखोल्या, प्रयोगशाळा व ग्रंथालये बहुतांशी रिकामी असतात. त्यांच्या कुंपणापलीकडच्या वस्तीत नववीतला एखादा मुलगा किंवा मुलगी शाळा सुरू होण्याची वाट पाहत असते. हे दार पंधरवडाभर उघडण्यासाठी मोठ्या निधीची गरज नाही. अध्यापकांच्या नियोजनाची व इच्छाशक्तीची मात्र गरज आहे.